कोसळणारी भिंत आणि अवतरणचिन्हे

'स्टीमबोट बिल, ज्युनियर' हा बस्टर कीटनचा मूकपट १९२८ साली प्रदर्शित झाला. त्यात चक्रीवादळाचा एक दीर्घ प्रसंग आहे. गाव उद्ध्वस्त होत असताना नायक रस्त्यावर एका घराकडे पाठ करून, डोक्याला लागलेला मार चोळत उभा असतो. त्या घराची संपूर्ण दर्शनी भिंत सुटते आणि त्याच्या अंगावर कोसळते. पोटमाळ्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्या देहाभोवतून जमिनीला टेकते, म्हणून तो वाचतो. ही भिंत पुठ्ठ्याची नव्हती. तिचे वजन सुमारे दोन टन होते असे सांगितले जाते. खिडकीची चौकट आणि कीटनचे खांदे यांच्यामध्ये काही इंचांचेच अंतर राखलेले होते. त्याने उभे राहण्याची जागा आधी मोजून, खूण करून ठेवलेली होती. ती जागा थोडी जरी चुकली असती तरी त्या चित्रपटाचे आणि त्याच्या कर्त्याचेही काम तेथेच संपले असते.

हीच भिंत पुढे अनेकदा पडली. जॅकी चॅनच्या 'प्रोजेक्ट ए'च्या १९८७ सालच्या दुसऱ्या भागात ती पडली. १९९७ साली स्टीव्ह मॅक्वीन या ब्रिटिश कलावंताच्या 'डेडपॅन' या कृतीत ती कलादालनाच्या अंधारात पुनःपुन्हा पडली. 'जॅकअ‍ॅस नंबर टू' या २००६ सालच्या चित्रपटाच्या अखेरीस गीतनृत्याचा एक भपकेबाज प्रसंग आहे. त्यात जॉनी नॉक्सव्हिल तिच्याखाली उभा राहिला. लोकप्रिय विनोदपट, दृश्यकला आणि दूरचित्रवाणीवरून उगवलेला हुल्लडबाज साहसपट या तीन क्षेत्रांतून एकच कृती फिरलेली आहे. समीक्षेच्या सवयीप्रमाणे पहिल्या कृतीस अभिजात, दुसरीस कला आणि तिसरीस कचरा म्हणून मोकळे होता येते. पण तीनही ठिकाणी भिंत खरीच पडते. म्हणून ही वर्गवारी कोणत्या निकषावर उभी आहे, हे एकदा तपासून पाहावे लागते.

मराठीत 'स्टंट' या शब्दाने जो अर्थ धारण केला आहे तो या संदर्भात मोठा सूचक आहे. एखाद्या पुढाऱ्याच्या उपोषणाला 'हा निव्वळ स्टंट आहे' असे आपण म्हणतो तेव्हा त्यात काहीही खरे नाही, केवळ प्रसिद्धीसाठी केलेला देखावा आहे, असे आपल्याला सुचवायचे असते. 'स्टंटबाजी'मध्ये तर हा तुच्छतेचा भाव अधिकच गडद होतो. मूळ कृती मात्र नेमकी उलट आहे. चित्रपटात रडणे खोटे असते, लग्न खोटे असते, मृत्यूही खोटा असतो; उंचावरून मारलेली उडी तेवढी खरी असते. कथनाच्या साऱ्या खोटेपणात जे एकच खरे, त्यालाच आपल्या भाषेने खोटेपणाचे नाव देऊन टाकले. मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनच्या 'हंटरवाली'पासून (१९३५) जे 'स्टंटपट' निघाले त्यांच्याकडे सुसंस्कृत समीक्षकांनी ज्या नजरेने पाहिले, ती नजर या अर्थांतरामागे असावी. नादिया आपली साहसदृश्ये स्वतः करीत असे. तिच्या चित्रपटांविषयी लिहिताना हे सत्य गुण म्हणून क्वचितच मोजले गेले. ते कुतूहलाच्या सदरात जमा झाले.

प्रश्न उद्धरणाचा आहे. साहित्यात एक संहिता दुसरीस उद्धृत करते तेव्हा मूळ विधानाचे बळ निलंबित होते. कादंबरीतील पात्राने घेतलेली शपथ कादंबरीकाराला बांधत नाही. जे. एल. ऑस्टिन यांनी आपल्या भाषिक कृतींच्या विवेचनात (१९६२) रंगमंचावर उच्चारलेल्या किंवा कवितेत आलेल्या वचनांना 'पोकळ' आणि 'परोपजीवी' ठरवून विचारक्षेत्राबाहेर ठेवले. नटाने रंगमंचावर लग्न लावले तरी तो विवाहित होत नाही, हे त्यांचे म्हणणे बिनतोड वाटते. झाक देरिदा यांनी यावर घेतलेला आक्षेप सर्वश्रुत आहे. पुनरावृत्त होण्याची, दुसऱ्या संदर्भात उचलून ठेवली जाण्याची क्षमता ही चिन्हावरची विकृती नसून चिन्ह असण्याचीच अट आहे. ज्या शपथेचे उद्धरण होऊ शकत नाही, ती शपथही होऊ शकत नाही.

या वादात दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे कृती भाषेतून घडते आहे. भिंत भाषेत पडत नाही. कीटनच्या भिंतीला मॅक्वीनने अवतरणचिन्हांत घातले, तरी अवतरणचिन्हांतील भिंतही गुरुत्वाकर्षणाच्या नियमानेच खाली येते. शपथ उद्धृत केली की पोकळ होते. साहसकृती उद्धृत केली तरी तिचे वजन तेवढेच राहते. येथे ऑस्टिन यांचा नियम लागू पडत नाही, हे उघड आहे. परंतु देरिदा यांचाही विजय पुरता होत नाही. देह चिन्हासारखा अनंत वेळा संदर्भांतरित होऊ शकत नाही. तो एका वेळी एकाच भिंतीखाली उभा असतो आणि एकदाच चिरडला जाऊ शकतो.

भारतीय नाट्यविचाराकडे वळल्यास हा पेच अधिक स्पष्ट दिसतो. शंकुकाच्या चित्रतुरगन्यायानुसार चित्रातील घोडा पाहून होणारी प्रतीती ही सम्यक्, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही ज्ञानप्रकारांहून वेगळी असते. नटाच्या ठायी रामाची जी प्रतीती होते ती अशीच. कीटनच्या बाबतीत हा न्याय अर्धाच लागू पडतो. नावाड्याचा तो गोंधळलेला, कोवळा मुलगा चित्रातला घोडा आहे. त्याच्यावर पडणारी भिंत मात्र चित्रातली नाही, आणि तिच्याखालचे खांदेही नाहीत. प्रेक्षक एकाच क्षणी दोन भिन्न प्रतीती घेत असतो. 'हा बिल वाचला' यातून हास्य आणि अद्भुत उद्भवतात. 'हा कीटन वाचला' यातून जे उद्भवते त्याला रसव्यवस्थेत नाव नाही, कारण ते लौकिक भय आहे. नाट्यशास्त्राने युद्ध, राज्यभ्रंश, मरण, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकांतून सूचित कराव्यात, असा नियम घातला. हा नियम नेहमी औचित्याच्या अंगाने वाचला जातो. लौकिक भय अलौकिकात शिरून त्याची घडी विस्कटू नये अशी दक्षता म्हणूनही तो वाचता येईल.

रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा'त (१९७४) लौकिकतावादी व अलौकिकतावादी भूमिकांचा जो संघर्ष मांडला, त्याची चर्चा मराठीत बहुतांशी कविता-कादंबरीच्या आधारे झाली. साहसकृती हे या संघर्षाचे कदाचित सर्वांत कठीण उदाहरण ठरेल. कीटनच्या दृश्यात आकृतिबंध निर्दोष आहे. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर भिंतीच्या महाकाय गतीला देहाच्या स्थैर्याने दिलेला विरोध आणि खिडकीच्या रिकाम्या चौकोनात साधलेला तोल, असा लयबंध तेथे सहज दाखवता येतो. परंतु हीच आकृती आज संगणकाच्या साहाय्याने तंतोतंत निर्माण केली, तर लय तीच राहूनही अनुभव ढासळतो. याचा अर्थ, 'हे खरे घडले' हे लौकिक ज्ञान येथे आस्वादाच्या बाहेरचे नाही. ते आकृतीचा घटकच आहे. अलौकिकतावाद्याला हे मान्य करणे जड जाईल. पण केवळ लौकिकाचे बोट धरूनही चालत नाही. कारण खऱ्या भूकंपात एखादा माणूस असाच वाचला, तर त्याला कोणी सुंदर म्हणणार नाही.

'डेडपॅन'चे मोल या पेचाच्या गाभ्याशी गेल्यामुळे आहे. मॅक्वीनने कीटनपासून जवळजवळ सर्व काही काढून घेतले. वादळ नाही, गाव नाही, कथानक नाही, पळून जाणे नाही. कृष्णधवल, निःशब्द, साडेचार मिनिटांच्या आसपासची ही कृती आहे. साध्या सदऱ्यातला कलावंत स्वतः लाकडी घरासमोर उभा आहे. भिंत पडते, खिडकी त्याच्याभोवतून जाते. मग तीच घटना दुसऱ्या कोनातून, तिसऱ्या कोनातून, कधी जवळून, कधी दुरून. कीटनचे पात्र अज्ञानी आहे. भिंत पडणार हे त्याला ठाऊक नाही आणि त्या अज्ञानातच विनोद आहे. मॅक्वीनच्या चेहऱ्यावर अज्ञान नाही. येणारे संकट ठाऊक असून तो हलत नाही. पात्र नाहीसे झाले की शंकुकाचा घोडाही नाहीसा होतो, आणि उरतो तो एक देह. हा देह कृष्णवर्णीय आहे. एका जवळच्या दृश्यात त्याच्या बुटांना नाड्या नसल्याचे दिसते, आणि कैद्याच्या नाड्या काढून घेतात याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कीटनने 'दगडी चेहरा' विनोदाचे साधन म्हणून घडवला होता. मॅक्वीनच्या ठिकाणी तो निश्चल चेहरा एका वंशाच्या इतिहासातून आल्यासारखा वाटतो. ज्यांनी हलले तरी मार आणि न हलले तरी मार अशी शतके काढली, त्यांच्या निश्चलतेला केवळ शैली म्हणता येत नाही. मूळ दृश्यात नसलेला अर्थ उद्धरणाने निर्माण केला, आणि तो निर्माण करण्यासाठी एक शब्दही खर्चला नाही.

तरीही या कृतीविषयी एक शंका नोंदवणे भाग आहे. पुनरावृत्तीमुळे भय झिजते. दुसऱ्या-तिसऱ्या पतनानंतर प्रेक्षक धोक्याकडे न पाहता चौकटीची भूमिती पाहू लागतो. कलादालनात भिंतभर प्रक्षेपित होणाऱ्या या चित्रात भिंत प्रेक्षकाच्या दिशेने येते खरी, पण ती आता 'सुंदर' येते. मॅक्वीनला १९९९ साली टर्नर पारितोषिक मिळाले तेव्हा ही कृती प्रदर्शनात होती, आणि तिच्यावरील बहुतेक लेखन ती किती संयत आहे याचे कौतुक करते. दोन टनांच्या संभाव्य आघाताला संयत म्हणण्याइतपत सुरक्षित अंतर कलादालन पुरवते. हा दोष कलावंताचा की संस्थेचा, याचा निवाडा सोपा नाही.

प्रयोगकलेच्या इतिहासात या अंतराविरुद्ध सर्वांत उघड बंड केले ते क्रिस बर्डन याने. १९ नोव्हेंबर १९७१ रोजी कॅलिफोर्नियातील सांता आना येथे एका छोट्या कलादालनात मित्राकडून त्याने स्वतःच्या डाव्या दंडावर बंदुकीची गोळी झाडून घेतली. 'शूट' या नावाने ओळखली जाणारी ही कृती मोजक्या लोकांनी पाहिली. बाकीचे जग ती काही सेकंदांच्या धूसर चित्रफितीतून आणि एका छायाचित्रातून ओळखते. येथे चिन्हमीमांसेच्या दृष्टीने एक मौज आहे. इव्ह क्लाइन याने १९६० साली पॅरिसजवळच्या एका उपनगरात भिंतीवरून रस्त्यात झेप घेतल्याचे जे प्रसिद्ध छायाचित्र आहे, ते दोन छायाचित्रांचा जोड आहे. खाली ताडपत्री धरून उभे असलेले मित्र त्यातून वगळलेले आहेत. फिलिप ऑस्लँडर यांनी या दोन कृती शेजारी ठेवून असे दाखवले की दस्तऐवजाच्या पातळीवर दोहोंमध्ये आपण समजतो तितका फरक नाही. दोन्ही ठिकाणी प्रयोग आपल्यासाठी घडतो तो छायाचित्राच्या अवकाशातच. युक्तिवाद चतुर आहे, पण तो पुरता पटत नाही. बर्डनच्या दंडावर व्रण राहिला. व्रण हेही चिन्हच आहे, पण ते पर्सच्या वर्गीकरणातील निर्देशचिन्ह आहे. धूर जसा अग्नीशी कारणसंबंधाने बांधलेला असतो तसा तो गोळीशी बांधलेला आहे, आणि छायाचित्र फाडल्याने तो पुसला जात नाही.

बर्डनचे लोकप्रिय संस्कृतीशी असलेले नाते अनेकदा दुर्लक्षित राहते. १९७३ साली त्याने लॉस एंजेलिसमधील एका दूरचित्रवाहिनीवर जाहिरातीची दहा सेकंदांची वेळ विकत घेतली आणि फुटलेल्या काचांवरून हात पाठीशी बांधून सरपटत जाणारा स्वतःचा देह तेथे दाखवला. रात्री उशिरा बातम्यांच्या आसपास, साबणाच्या व मोटारींच्या जाहिरातींच्या रांगेत हे दृश्य कोणत्याही स्पष्टीकरणावाचून अवतरत असे. पाहणाऱ्यांना ती कला आहे हे सांगणारे कोणतेही दालन आजूबाजूला नव्हते. पुढील पिढीच्या साहसचित्रफितींचा आकृतिबंध या दहा सेकंदांत आधीच सिद्ध झालेला आहे: लघुता, एकच कृती, संदर्भाचा अभाव आणि कथनाचा पूर्ण त्याग.

म्हणून 'जॅकअ‍ॅस'कडे केवळ उडाणटप्पूपणा म्हणून पाहणे चुकीचे ठरते. ही मालिका ऑक्टोबर २००० मध्ये एमटीव्हीवर सुरू झाली. तिची मुळे 'बिग ब्रदर' या स्केटबोर्डिंगच्या नियतकालिकात होती. त्यासाठी नॉक्सव्हिलने स्वसंरक्षणाची साधने स्वतःच्याच देहावर तपासून पाहिली होती: मिरपुडीचा फवारा, विजेचा धक्का देणारे यंत्र आणि अखेरीस गोळीरोधक जाकीट घालून स्वतःवर झाडलेली गोळी. 'शूट'शी याचे साम्य डोळ्यांत भरण्याजोगे आहे, आणि फरकही तितकाच. बर्डन गंभीर आहे. गोळीनंतर त्याच्या चेहऱ्यावर स्तब्धता आहे. नॉक्सव्हिलची कृती वस्तूंच्या परीक्षणाचे विडंबन आहे आणि तिचा शेवट हशात होतो. हे हसणे महत्त्वाचे आहे. 'जॅकअ‍ॅस'च्या प्रत्येक कृतीत छायाचित्रक आणि मित्रमंडळी चौकटीच्या आतबाहेर करीत हसत लोळत असतात. प्रेक्षकाने काय करावे याचे शिक्षण हा चमू आधीच देऊन ठेवतो. बाख्तिन यांनी राब्लेच्या संदर्भात ज्या विरूप देहाचे विवेचन केले, तो खाणारा, ओकणारा, विसर्जन करणारा, मार खाणारा देह येथे सर्व अंगांनी हजर आहे. फक्त त्याचा जत्रेतील सर्वसमावेशकपणा हरवलेला आहे. ही जत्रा दहाबारा तरुण पुरुषांची आहे.

कीटन आणि 'जॅकअ‍ॅस' यांतील खरा भेद यशापयशाचा आहे. कीटनच्या, नादियाच्या, जॅकी चॅनच्या साहसकृती सफल होतात. चॅनने फसलेले प्रयत्न श्रेयनामावलीच्या जोडीला दाखवण्याची प्रथा रूढ केली ती मुख्य कथेच्या बाहेर. 'जॅकअ‍ॅस'ने ती पुरवणीच ग्रंथ करून टाकली. तेथे कृती फसण्यासाठीच योजलेली असते. कौशल्य दाखवायचे नसते, देहाची हार दाखवायची असते. (त्यांच्यातील स्टीव्ह-ओ हा रिंगलिंग सर्कसच्या विदूषक-विद्यालयात शिकलेला होता. फसणे हेही शिकावे लागते, एवढे त्यावरून ध्यानात यावे.) या दृष्टीने पाहता २००६ सालच्या चित्रपटातील कीटनची भिंत ही त्या मंडळींची सर्वांत दुबळी कृती ठरते. तिच्यात हार नाही, वंदना आहे. नाचगाण्याच्या थाटात कीटनचे नाते सांगून त्यांनी जणू प्रतिष्ठेचा दाखला मागितला. तो त्यांना आवश्यक नव्हता. सुपरमार्केटच्या ढकलगाडीत बसून उतारावरून सुटणारा आणि कठड्यावर आदळणारा देह कीटनच्या आरंभीच्या जीवनाला अधिक जवळचा आहे. लहानपणी त्याचे वडील रंगमंचावर त्याला सामानासारखे इकडून तिकडे फेकत असत, आणि प्रेक्षक त्याचे पैसे मोजत.

पैसे मोजण्याचा मुद्दा येथे टाळता येत नाही. महाराष्ट्रात पोतराज दारोदारी स्वतःच्या अंगावर आसूड ओढतो, डोंबाऱ्याची मुलगी काठी तोलत दोरावरून चालते. आसुडाचा आवाज घावापेक्षा मोठा असतो हे पाहणाऱ्यांना कळते, तरी घाव खोटा नसतो. निर्देशचिन्ह आणि अभिनय यांची सीमारेषा अशी धूसर ठेवण्याचे कौशल्य पोतराजाकडे बर्डनच्या पुष्कळ आधीपासून आहे. परंतु त्याला देवीचे नाव आणि पोटाची गरज अशा दोन चौकटी आहेत, आणि त्यांतील एकही त्याने निवडलेली नाही. पाश्चात्य प्रयोगकलेचे सारे तत्त्वज्ञान 'कलावंताने स्वेच्छेने देह पणाला लावला' या गृहीतकावर उभे आहे. ज्याच्यापाशी गमावण्यास देहाखेरीज दुसरे काही नाही, त्याने देह पणाला लावणे ही स्वेच्छा नव्हे. म्हणूनच डोंबाऱ्याच्या खेळाला कोणी प्रयोगकला म्हटले नाही, आणि तसे आज म्हणू लागणे हेही त्याच्यावर उपकार करण्यासारखे होणार नाही.

उद्धरणाचा हक्क कोणाला, हा प्रश्न शेवटी कलावंतांमध्येच उभा राहिला. २००५ साली मारिना अब्रामोविच हिने न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात साठ-सत्तरच्या दशकांतील इतरांच्या प्रयोगकृती पुन्हा करून दाखवल्या. संगीताची लिखित रचना कोणीही वाजवावी तसा प्रयोगही पुन्हा करता यावा, त्यासाठी मूळ कर्त्याची अनुमती घ्यावी, अशी तिची भूमिका होती. 'ट्रान्स-फिक्स्ड'मध्ये (१९७४) बर्डनने फोक्सवॅगन गाडीच्या पाठीवर स्वतःचे तळवे खिळ्यांनी ठोकून घेतले होते. ती कृती करण्याची अनुमती त्याने नाकारली.

त्याआधी, २००४च्या नोव्हेंबरात, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील कलाविभागात एका विद्यार्थ्याने वर्गासमोर पिस्तूल काढले, गोळी भरल्याचे दाखवले, ते डोक्याला लावून चाप ओढला. बार उडाला नाही. तो खोलीबाहेर गेला आणि बाहेरून गोळीचा आवाज आला. थोड्या वेळाने तो सुखरूप परतला. पिस्तूल खरे नव्हते, असे पुढे सांगितले गेले. त्या विभागात बर्डन अध्यापक होता. विद्यार्थ्याला तत्काळ निलंबित केले नाही या कारणावरून त्याने, आणि त्याची पत्नी शिल्पकार नॅन्सी रुबिन्स हिने, विद्यापीठातील पद सोडले. यात ढोंग पाहणे सोपे आहे, आणि अनेकांनी ते पाहिले. पण 'शूट'च्या वेळी जमलेल्यांना काय होणार आहे याची कल्पना होती, ते त्यासाठी आले होते. वर्गातल्या मुलांना भिंत कोणावर पडते आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता. शिवाय येथे उद्धरण पोकळ होते, म्हणजे ऑस्टिन यांच्या अर्थाने नेमके नाटकी. आणि भय मात्र पूर्णपणे भरीव होते. बर्डनची कृती याच्या बरोबर उलट होती.

२०१७ साली अमेरिकेत एका तरुणाने यूट्यूबवरील चित्रफितीसाठी जाड ज्ञानकोश छातीशी धरून आपल्या सहचारिणीकडून पिस्तुलाची गोळी झाडून घेतली. पुस्तक ती अडवील असा त्याचा अंदाज होता, आणि तो चुकला. दोन कॅमेरे लावलेले होते. 'शूट'चे नाव त्याने ऐकले होते की नाही याने काही बिघडत नाही. मित्र, बंदूक, कॅमेरा आणि ठरवून स्वीकारलेली गोळी हा आकृतिबंध तोवर कोणाच्याही मालकीचा उरला नव्हता.